नाव सांगितलंत, आता तारीखही सांगा

लहान मुलाला कॅन्सर झाल्याचं कळलं की आई आधी स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. पपई खाल्ली म्हणून असेल, ग्रहण पाळलं नाही म्हणून असेल, मोबाइल उशाशी घेऊन झोपायची म्हणून असेल. सासरची एखादी वडीलधारी ‘आमच्याकडे कुणाला नाही बाई असलं’ म्हणून त्यात भर घालते. डॉक्टर समजूत घालतात, यात कुणाचीच चूक नसते, मुलांचा कॅन्सर टाळण्यासारखा नसतो. मोठ्यांच्या कॅन्सरमागे तंबाखू असते, दारू असते. तीन वर्षांच्या पोराच्या मूत्रपिंडातल्या गाठीमागे असं बोट दाखवायला काही नसतं. ही समजूत घालणं माणुसकीचं आहे आणि बहुतांशी खरंही आहे.

बहुतांशी. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कॅन्सर झालेल्या १,१२० मुलांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांतल्या साधारण ८.५ टक्के मुलांमध्ये कॅन्सरला वाट करून देणारा दोष जन्मापासूनच असल्याचं दिसलं. ढोबळमानाने बारा मुलांमागे एक. या मुलांचा कॅन्सर टाळता आला असता असं कुणी म्हणत नाही. पण तो येऊ शकतो हे आधी कळण्याजोगं होतं, आणि त्यांतल्या काहींच्या तर अंगावरच त्याच्या खुणा जन्मल्या दिवसापासून होत्या. कुणी तरी त्या पाहिल्याही होत्या, आजाराचं नावही लिहिलं होतं.

पुण्यात हे नाव शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. जेनेटिक्सची ओपीडी आहे, प्रयोगशाळा आहेत, सोलापूर-सांगलीकडची मुलं इथे येतात, काही आठवड्यांत जनुकातला नेमका बिघाड सांगणारा रिपोर्ट हातात पडतो. रिपोर्ट हाती आल्यावर पुढे काय, हे मात्र आपण ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या सिंड्रोममध्ये, म्हणजे एकत्र दिसणाऱ्या जन्मजात लक्षणांच्या ज्या समूहात, कॅन्सरचा धोका ठाऊक आहे आणि नजर ठेवल्याने फायदा होतो, तिथे नाव सांगणाऱ्यानेच त्याच बैठकीत पुढच्या तपासणीची तारीख द्यावी, आणि ती तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. मागणी साधी वाटते. पण ती मांडली की चारही बाजूंनी हरकती येतात, आणि त्यांतल्या सगळ्याच काही फालतू नाहीत.

बेकविथ-विडेमान सिंड्रोमचंच उदाहरण घेऊ, कारण या सगळ्या प्रश्नाचा गाभा त्यात आहे. अकराव्या गुणसूत्राच्या एका टोकाशी वाढीचं नियंत्रण करणारी जनुकं असतात. आईकडून आलेली कोणती चालू राहायची आणि वडिलांकडून आलेली कोणती, हे ठरलेलं असतं. ती व्यवस्था बिघडली की बाळ प्रमाणाबाहेर वाढतं. जन्मतःच वजन जास्त, जीभ एवढी मोठी की तोंडात मावत नाही आणि दूध ओढायला त्रास, बेंबीपाशी आतडं बाहेर आलेलं, कानाच्या पाळीवर बारीक चिरा, कधी एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड, आणि पहिल्या काही दिवसांत साखर घसरणं. अनुभवी बालरोगतज्ज्ञ पाळण्याशी उभ्या उभ्याही ओळखतात. साधारण १० ते १४ हजार जन्मांमागे एक असं बाळ असतं. बहुतेक कुटुंबांत ते पहिलंच असतं, आईवडिलांकडून आलेलं नसतं, तेव्हा ‘कुणाकडचं’ हा वाद तिथेच मिटावा. (कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेल्या बाळांमध्ये हा सिंड्रोम इतरांपेक्षा काही पट जास्त आढळतो. प्रत्यक्ष धोका लहानच आहे, पण शहराच्या निम्म्या होर्डिंगांवर हसरी बाळं लावणाऱ्या केंद्रांनी जोडप्यांना हे एका वाक्यात सांगायला हरकत नसावी.)

या मुलांची जीभ आणि बेंबी ऑपरेशनने नीट होते, साखर सावरते, आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. खरा धोका पुढे असतो. पहिल्या सात-आठ वर्षांत मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमर नावाची कॅन्सरची गाठ, आणि त्याहून लहान वयात यकृतात हेपॅटोब्लास्टोमा. सगळी मुलं मिळून पाहिली तर शंभरातल्या सात-आठांना अशी काही तरी गाठ होते. विल्म्सची गाठ झपाट्याने वाढते. म्हणून दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची, साधारण सातव्या वाढदिवसापर्यंत, आणि पहिली काही वर्षं त्यासोबत यकृतातल्या गाठीचा सुगावा देणारी एएफपी नावाची रक्ताची तपासणी. उपाय म्हणाल तर एवढाच. ना नवं औषध, ना कोट्यवधींचं यंत्र.

एका रुग्णालयात सोनोग्राफीच्या रांगेत दौंड भागातल्या एका कुटुंबाची फाइल माझ्या हातात आली होती. वडिलांनी जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड जपून लॅमिनेट करून ठेवलेलं. त्यावर सगळं नीट टाइप केलेलं: वजन, साखर कमी झाल्याची नोंद, बेंबीच्या ऑपरेशनची तारीख, निदानाच्या रकान्यात सिंड्रोमचं पूर्ण नाव. आणि तळाशी, सहीच्या वर: ‘फॉलोअप : एसओएस’. म्हणजे गरज वाटली तर या. आता गरज वाटली होती, कारण आंघोळ घालताना आजीच्या हाताला पोटात कडक काही तरी लागलं होतं. त्या माणसाने तीन वर्षं कार्डावर लिहिलेलं तंतोतंत पाळलं होतं. गरज वाटली नव्हती, म्हणून तो आला नव्हता. पोर खेळत होतं, जेवत होतं, वजन छान होतं. दिसायला तर शेजारच्या पोरांपेक्षा धडधाकट.

या तीन अक्षरांवर माझा राग आहे, त्या डॉक्टरांवर तितका नाही. नवजात विभागातल्या निवासी डॉक्टरने दिवसभरात कितीतरी कार्डं लिहिलेली असतात आणि बहुतेकांवर तेच शोभतं. पण विल्म्सची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, ताप आणत नाही, भूक मारत नाही. आजीच्या हाताला लागण्याआधी तिची ‘गरज’ कुणाला वाटायची?

लवकर सापडली तर काय फरक पडतो, मूल शेवटी वाचतंच ना, असंही विचारलं जातं. विल्म्स बरा होणारा कॅन्सर आहे. श्रीमंत देशांत दहातली नऊ मुलं वाचतात. पण कोणत्या किमतीत वाचतात हेही पाहायला हवं. गाठ मूत्रपिंडापुरती असताना सापडली तर ऑपरेशन आणि दोन औषधांची तुलनेने सौम्य केमो अनेकदा पुरते. पोटात पसरल्यावर सापडली तर तिसरं औषध वाढतं, ज्याचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, आणि पोटाला शेकही (रेडिएशन) द्यावा लागतो. तीन वर्षांच्या मुलीच्या पोटाला शेक म्हणजे तिच्या मणक्याच्या वाढीपासून पुढे मातृत्वापर्यंत सगळ्यावर सावट. शिवाय अशा मुलांत दोन्ही मूत्रपिंडांत गाठी होण्याची शक्यता जास्त. लवकर सापडल्या तर मूत्रपिंडाचा चांगला भाग वाचवता येतो, नाही तर डायलिसिसची वेळ येऊ शकते. वाचलेल्यांची टक्केवारी दोन्हीकडे सारखी दिसू शकते. पुढची साठ वर्षं सारखी नसतात.

आता खरी अडचण. अमेरिका आणि युरोप यांच्यातच इथे एकमत नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १ टक्क्याहून जास्त धोका असेल तर नजर ठेवा म्हटलं. युरोपात ही रेघ बराच काळ ५ टक्क्यांवर होती. २०१८ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी बिघाड नेमका कुठे आहे त्यावरून मुलं वेगळी केली. एका प्रकारात शंभरातल्या २८ मुलांना गाठ होते, दुसऱ्यात १६ जणांना, आणि सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात जेमतेम अडीच जणांना. या शेवटच्या गटाला दर तीन महिन्यांनी ओढत आणू नका, असं त्यांचं म्हणणं. तर्काला धरून आहे. आपल्याकडचे काही डॉक्टरही तेच म्हणतात: आधी जनुकीय तपासणी करा, प्रकार कळू द्या, मग ठरवू.

मला हे इथे लागू करणं चुकीचं वाटतं, आणि एरवी अमेरिकेचं अनुकरण करण्यातला मी नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत जनुकीय तपासणीचा खर्च सरकारी व्यवस्था उचलते. आपल्याकडे पोटाची सोनोग्राफी खासगीतही हजार-दीड हजारात होते, सरकारी रुग्णालयात मोफत किंवा नाममात्र दरात. प्रकार सांगणारी तपासणी त्याच्या कित्येक पट महाग, आणि ती बापाच्या खिशातून. तपासणीची वाट पाहायची म्हटलं की ती सहा महिने, वर्षभर लांबते, आणि गाठी नेमक्या त्याच वर्षांत होतात. त्यातून हा बिघाड शरीरातल्या काहीच पेशींत असू शकतो. लक्षणं स्पष्ट असलेल्या मुलांपैकी वीस टक्क्यांच्या आसपास मुलांचं रक्त तपासून काहीच सापडत नाही. म्हणजे पैसे घालून आलेला ‘निगेटिव्ह’ रिपोर्टही मुलाला मोकळं करत नाही. स्वस्त तपासणी महाग तपासणीच्या दाराशी ताटकळत ठेवणं हा उलटा न्याय आहे. आधी सोनोग्राफी सुरू करा. प्रकार कळला आणि धोका कमी निघाला तर थांबवा.

‘एवढा खर्च कोण करणार’ हा प्रश्न लगेच येतो, म्हणून हिशेबच करू. महाराष्ट्रात वर्षाला ढोबळमानाने १८ लाख बाळं जन्मतात. बारा हजारांत एक धरलं तर अशी दीडशे. सात वर्षांखालची सगळी मिळून एक हजार पन्नास. वर्षाला चार सोनोग्राफी म्हणजे चार हजार दोनशे. कामाचे तीनशे दिवस धरा. सगळ्या राज्यात मिळून दिवसाला चौदा. एकट्या पुण्यात एखाद्या गल्लीतलं केंद्र दिवसाला याहून जास्त पोटं पाहत असेल. गर्भलिंग तपासणीवर कायद्याने नियंत्रण आणण्यात महाराष्ट्र १९८८ सालीच देशात पहिला होता; आता सोनोग्राफीचं यंत्र कुठे आहे, कुणाचं आहे, याची नोंद आपल्याकडे आहे. त्या नोंदीचा असाही एक उपयोग करता येईल.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे: भीतीची. आधीच सिंड्रोमच्या नावाने खचलेल्या आईला कॅन्सर हा शब्द कशाला ऐकवायचा? होईल तेव्हा बघू. मी अशी भीती पाहिलीय आणि ती खोटी नसते. एएफपीचंच बघा. तान्ह्या बाळात ही पातळी निसर्गतःच प्रचंड असते, हजारांत, आणि हळूहळू उतरते. या सिंड्रोमच्या मुलांत तर आणखी हळू. पण काही लॅबच्या छापील रिपोर्टात शेजारी मोठ्या माणसांची मर्यादा असते, दहाच्या आतली. दोन महिन्यांच्या बाळाचा आकडा ठळक अक्षरांत, पुढे वर जाणारा बाण. तो रिपोर्ट रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर येतो. त्या रात्री त्या घरात काय होत असेल ते सांगायला नको. पण ही भीती नजर ठेवल्याने आली की रिपोर्ट वयाप्रमाणे न छापल्याने आली? लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये वयानुसार तक्ता घालणं हे काही अवघड काम नाही. आणि न सांगण्याने भीती जात नाही, ती फक्त इंटरनेटकडे जाते, जिथे तिला कुणी आवर घालत नाही.

मात्र नजर ठेवायची म्हणजे सगळ्यांवर, सगळ्यासाठी, असं मी म्हणत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये रक्ताच्या कॅन्सरचा धोका इतर मुलांच्या दहा ते वीस पट असतो, हे वाक्य ऐकून पालक हादरतात. प्रत्यक्षात शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो होतो, आणि गाठींचे कॅन्सर तर या मुलांत इतरांपेक्षा कमीच. जन्मल्यावर एकदा रक्त आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची काच (स्लाइड) नीट पाहावी, कारण दहातल्या एखाद्या बाळात ल्युकेमियासारखं दिसणारं तात्पुरतं लक्षण असतं; बहुतेकांत आपोआप जातं, आणि ज्यांच्यात होतं त्यांच्यावर चार वर्षांपर्यंत जास्त लक्ष हवं. बाकीच्या मुलांचं महिन्याला रक्त काढत बसल्याने ल्युकेमिया टळत नाही. तिथे सुई टोचण्यापेक्षा हृदय, थायरॉइड आणि कान तपासा. तसंच आईच्या घरात स्तनाच्या कॅन्सरचं जनुक निघालं म्हणून सहा वर्षांच्या मुलीची तपासणी करू नये; तो प्रश्न ती मोठी झाल्यावर तिचा तिने सोडवायचा आहे. लहानपणी होणारा कॅन्सर आणि मोठेपणी होणारा, यांत ही भिंत हवीच.

आणि काही तपासण्या तर भीती घालवणाऱ्या असतात. रेटिनोब्लास्टोमा, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बुबुळ लाल दिसण्याऐवजी पांढरं चमकतं, तो. यातल्या साधारण चाळीस टक्के मुलांत आरबी-१ जनुकातला दोष शरीराच्या सगळ्याच पेशींत असतो. अशा मुलाला भाऊ किंवा बहीण झाली की जन्मल्यापासून वारंवार, पुढे भूल देऊन, तिचे डोळे तपासावे लागतात. पण मोठ्या मुलातला नेमका दोष माहीत असेल तर बाळाच्या रक्ताची एकच तपासणी पुरते. दोष नसला तर त्या बाळाची भूल, उपास, रजा काढून चकरा, सगळ्यातून कायमची सुटका. या तपासणीला पैसे नसतात म्हणून आपण धडधाकट बाळांना भूल देत राहतो.

फॅन्कोनी अॅनिमियाची गोष्ट आणखी वेगळी. अंगठा नीट नसणं, उंची कमी, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग. पुढे अस्थिमज्जा आटत जाते आणि रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. आईवडील दोघंही दोषाचे वाहक असले की होणारा हा आजार, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथे अजून चालते तिथे त्याची शक्यता वाढते. या मुलाच्या पेशी डीएनएची मोडतोड दुरुस्त करू शकत नाहीत. नेहमीच्या मात्रेची केमो किंवा शेक त्याला कॅन्सरच्या आधी मारू शकतो. इथे सिंड्रोम ठाऊक असण्याचा उपयोग गाठ लवकर सापडण्यापुरता नाही. उपचाराची मात्राच बदलते. गुणसूत्रं तुटतात का हे पाहणारी जुनी तपासणी हे निदान करू शकते. पण अंगठ्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर आणि रक्ताचा डॉक्टर एकाच मुलाला पाहत असूनही एकमेकांशी बोलले नाहीत, तर ती कोण सांगणार?

हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असं म्हणणाऱ्यांनी ब्राझीलच्या पराना राज्याकडे पाहावं. तिथे टीपी-५३ जनुकातला एक विशिष्ट दोष बराच पसरलेला आहे. त्यामुळे लहान मुलांत मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा कॅन्सर होतो. त्यांनी १ लाख ७० हजारांहून अधिक नवजात बाळांची टाचेच्या रक्ताच्या थेंबावर तपासणी केली, ४६१ बाळांत दोष सापडला, आणि पालकांनी होकार दिलेल्या मुलांवर नजर ठेवली. नजरेखालच्या मुलांत गाठी अगदी प्राथमिक अवस्थेत मिळाल्या. याच जनुकातल्या दोषामुळे लहानपणापासून अनेक प्रकारच्या कॅन्सरचा धोका असतो, त्याला लि-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात; त्यावरचं टोरंटोचं काम प्रसिद्ध आहे: ८९ जणांपैकी ४० जणांनी नियमित तपासण्या स्वीकारल्या, ४९ जणांनी नाकारल्या, २०१६ साली छापलेल्या आकड्यांनुसार पाच वर्षं जगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ८८.८ टक्के, दुसऱ्यात ५९.६. चिठ्ठ्या टाकून केलेले हे गट नव्हते, तेव्हा सगळं श्रेय तपासण्यांना देता येत नाही. त्यात दरवर्षी अख्ख्या शरीराचा एमआरआय असतो, जो आपल्याला आज सरसकट परवडणारही नाही. म्हणूनच मी एमआरआय मागत नाही, सोनोग्राफी मागतोय.

आपल्या योजनांची रचना मात्र आजारी पडल्यावर सुरू होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्या दौंडच्या मुलाचं ऑपरेशन आणि केमो बसते, कारण त्यासाठी तो दाखल होतो. जी सोनोग्राफी वेळेवर झाली असती तर हा खर्च बराच कमी झाला असता, ती ओपीडीतली. ती बसत नाही. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाचं लक्ष मुख्यतः महागड्या उपचारांवर आहे, आणि ते असायलाही हवं. पण लाखांची मदत देण्याची सोय असलेल्या व्यवस्थेत हजारांची सोय नसावी, हे चमत्कारिक आहे. विम्याचं तर विचारूच नका. जनुकीय आजार सरसकट वगळणं भेदभावाचं आहे असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटलं. तरी जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये असा अमेरिकेच्या २००८च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे आईवडील रिपोर्ट लपवतात, आणि लपवलेल्या रिपोर्टवर फॉलोअप होत नाही.

नवं काही उभारायची गरज नाही, हे त्यातल्या त्यात बरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, जन्मजात दोष पाहतात, डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहेच. जीभ मोठी, एक पाय जाड, अंगठा नीट नाही, डोळ्यात पांढरी चमक, या चार-पाच खुणा पथकाच्या प्रशिक्षणात घालता येतील. पुण्यापुरतं बोलायचं तर ससून, महापालिकेचं कमला नेहरू, पिंपरीचं वायसीएम आणि औंधचं जिल्हा रुग्णालय यांनी आठवड्यातली एक दुपार या मुलांसाठी ठरवून द्यावी, म्हणजे सकाळच्या गरोदर बायकांच्या गर्दीत उपाशी पोर रडत बसणार नाही. तारखा लसीकरणाच्या कार्डावरच छापाव्यात. ते कार्ड घरोघरी जपलं जातं, आणि गोवराच्या लशीच्या शेजारी सोनोग्राफीची तारीख असली की ती चुकवायची नसते हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

न आलेल्यांना फोन कुणी करायचा, हा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी यादी लागते. जनुकीय आजाराची यादी गावात फुटली तर त्या मुलीचं लग्न आणि तिच्या बहिणीचंही लग्न अडेल, ही धास्ती रास्त आहे. म्हणून आशाताईकडे जाणाऱ्या यादीत आजाराचं नाव नसावं. मुलाचं नाव, फोन नंबर, कुठे यायचं आणि कधी, एवढंच. बाकीचं रुग्णालयाच्या फाइलीत राहू द्या.